भर दुपारी मध्यरात्र: शेक्सपिअरच्या काळातलं नाटक आणि आपलं माइक-लाइटवालं नाटक, फरक नेमका काय?

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी थांबत थांबत जाते. याच पट्ट्यात आमचं गाव. गावदेवीच्या जत्रेला आमचं मंडळ दरवर्षी एक नाटक बसवतं आणि त्याचा साउंड-लाइट मी बघतो. धंदा म्हणून लग्नाचे मांडव आणि गणपतीचे मंडप, पण नाटक मात्र हौसेखातर.

गेल्या जत्रेला आम्ही ‘झुंजारराव’वर बेतलेलं तासाभराचं नाटक केलं. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून १८९० साली मराठीत आणलेलं हे नाटक. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. शूर सरदार, त्याची निष्पाप बायको आणि नवऱ्याच्या कानात विष ओतणारा जवळचाच माणूस. शेवटच्या प्रवेशात बायको सांगत असते की मी काही केलं नाही, आणि तो ऐकत नाही.

नेमक्या त्याच प्रवेशात आमचा भाड्याचा जनरेटर बसला. लाइट गेले, माइक गेले. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च मारला. बायकोचं काम करणारी मुलगी बारावीतली, पहिल्यांदाच स्टेजवर. ती थांबली नाही, बोलत राहिली. पण बिनमाइकचं तिचं वाक्य मागे पोचताना शेवटी तुटलं. ती म्हणाली, “मी हे केलं नाही.” मागच्या लोकांना ऐकू आलं, “मी हे केलं.” मागून एक जण ओरडला, “मग कबूल झाली ना!” आणि अख्खं मैदान हसलं. ज्या क्षणी लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, त्या क्षणी हशा. पोरगी आत येऊन रडली.

यंदाच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. तरुण पोरं म्हणाली, दोन जनरेटर घ्या, मागे एलईडी वॉल लावा, प्रत्येकाला कॉलर माइक द्या. आमचे एक काका म्हणाले, “शेक्सपिअरच्या वेळी कुठं होते रे माइक? तरी चाललंच ना नाटक? दिवसाउजेडी करू, देवळासमोर.” काकांनी १९७० च्या दशकात गावच्या नाटकांत साडी नेसून बायकांची कामं केलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

वर्गणी मोजकीच. चुकीच्या गोष्टीवर खर्च झाली तर पुढच्या वर्षी नाटकच बंद. म्हणून मी नीट अभ्यास केला. तेव्हाची नाटकं नेमकी कशा परिस्थितीत व्हायची, आणि आज आपण त्यात काय बदललं? जे हाती लागलं ते इथे मांडतो.

तेव्हाचं ‘हार्डवेअर’ काय होतं?

राणी एलिझाबेथच्या काळात, १५७६ साली, जेम्स बर्बेजने लंडनच्या वेशीबाहेर फक्त नाटकांसाठी एक इमारत बांधली. नावही साधंच, ‘द थिएटर’. पुढे त्याच इमारतीची लाकडं सोडवून, नदीपलीकडे नेऊन १५९९ साली ‘ग्लोब’ उभं राहिलं. शेक्सपिअर याच कंपनीत नट होता, लेखक होता आणि भागीदारही होता.

ग्लोब म्हणजे साधारण ३० मीटर व्यासाचा, बहुकोनी, लाकडी वाडा समजा. मधे उघडं अंगण, कडेने तीन मजली गॅलऱ्या. अंगणात पुढे आलेला उंच चौथरा, हे स्टेज. प्रेक्षक तीन बाजूंना. अंगणात उभं राहायचं तिकीट एक पेनी, बसायचं तर जास्त. सगळी दाटी धरून ३,००० च्या आसपास माणसं मावायची असं अभ्यासक मानतात.

काय नव्हतं ते बघा. समोरचा पडदा नाही. रंगवलेलं नेपथ्य नाही. दिवे नाहीत, कारण खेळ दुपारी दोनच्या सुमाराला सुरू व्हायचा. स्टेजवर बायका नाहीत, त्यांची कामं आवाज न फुटलेली पोरं करायची. आणि माइकचा तर प्रश्नच नाही.

खर्च मात्र कपड्यांवर दणकून. रोमचा सम्राट असो की डेन्मार्कचा राजपुत्र, अंगावर बहुतेक लंडनचेच त्या काळचे भारी कपडे. ‘ऐतिहासिक वाटलं पाहिजे’ हा हट्ट नंतरचा. आमच्या खालापूर तालुक्यात चौकजवळ एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’साठी तिथे किल्ल्याचा केवढा सेट उभा केला होता! कॅमेऱ्याला ते लागतं, कारण कॅमेरा जे समोर आहे तेच दाखवतो. एलिझाबेथच्या काळातलं स्टेज याच्या बरोबर उलटं. तिथे किल्ला नटाच्या बोलण्यात असायचा.

फरक पहिला: उजेड

सगळ्यात मोठा फरक हाच, आणि आपल्या तो लक्षातच येत नाही.

आज नाटक सुरू होताना काय होतं? तिसरी घंटा, प्रेक्षागृहात अंधार, स्टेजवर उजेड. आपण नटाला बघतो, नट आपल्याला बघू शकत नाही. शेक्सपिअरच्या काळात नट आणि प्रेक्षक एकाच उन्हात असायचे. नटाला समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसायचा. स्वगत म्हणजे हवेत बघून बोलणं नव्हतं, समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न होता.

हे ऐकून परकं वाटतंय? मग कीर्तन आठवा. सभामंडपात बुवा आणि श्रोते एकाच उजेडात. पेंगणारा म्हातारा बुवांना दिसतो आणि बुवा त्यालाच प्रश्न विचारतात. एलिझाबेथच्या काळातलं नाटक आजच्या नाट्यगृहापेक्षा कीर्तनाच्या जास्त जवळचं होतं, असं मला आता वाटतं.

मग रात्र कशी दाखवायची? ‘हॅम्लेट’ सुरू होतं ते मध्यरात्री, किल्ल्याच्या तटावर. पहारेकऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून ते कोण आहे असं ओरडून विचारतात. आणि हे सगळं भर दुपारच्या उन्हात! वेळ, थंडी, अंधार सगळं संवादांतून सांगितलं जातं. ‘ऑथेल्लो’च्या शेवटच्या प्रवेशात तो हातात दिवा घेऊन येतो. तो दिवा उजेड पाडायला नाही, आता रात्र आहे हे सांगायला. दिवा म्हणजे रात्रीची खूण.

आज आपण त्याच प्रवेशात निळा लाइट टाकतो, एक अंधूक स्पॉट सोडतो. रात्र आधीच दिसते. मग रात्रीचं वर्णन करणारे संवाद जास्तीचे वाटायला लागतात आणि दिग्दर्शक ते कापतो. म्हणजे उपकरण बदललं की संहिताही बदलते. नाटक तेच राहिलं आणि फक्त दिवे वाढले, असं कधी होत नाही.

थोडं गणित करू. उजेड लक्समध्ये मोजतात. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड साधारण १ लक्स. आपल्या जुन्या गॅसबत्तीवर ४०० कँडलपॉवर लिहिलेलं असायचं. म्हणजे एक मीटरवर ४०० लक्स, पण अंतर तिप्पट झालं की उजेड नऊपट कमी, म्हणून तीन मीटरवर जेमतेम ४४. याउलट ढगाळ दुपारीसुद्धा उघड्यावर काही हजार लक्स सहज असतात. तेव्हा काकांची दिवसाउजेडीची कल्पना हा मागासपणा नाही. सगळ्यात ताकदीचा आणि फुकटचा लाइट तोच आहे.

प्रेक्षकांत अंधार करायची पद्धत त्या मानाने अलीकडची. युरोपात एकोणिसाव्या शतकात आधी गॅसचे दिवे आले, मग वीज. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ साली विजेच्या दिव्यांनी उजळलं. आपल्याकडे संगीत नाटकं मशाली, चिमण्या, मग किटसनच्या बत्त्या अशा टप्प्यांनी विजेपर्यंत आली.

इथे आमच्या भागाचा एक किस्सा सांगायलाच हवा. मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला टाटांनी १९१५ साली खोपोलीत जलविद्युत केंद्र सुरू केलं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपांतून ५०० मीटरहून जास्त खाली पाडून ते चालतं. पाठोपाठ १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. म्हणजे मुंबईकडे जाणारी वीज आमच्या घाटाखाली तयार होत होती, आणि आमच्या गावचं नाटक मात्र पुढची कित्येक दशकं गॅसबत्तीवर चालत होतं. काका सांगतात, बत्तीचा फुसफुस आवाज यायचा आणि अधूनमधून हवा मारायला माणूस स्टेजवर यायचा. राजाच्या दरबारात हाफ पँटवाला येऊन पंप मारून जायचा, कोणाला काही वाटत नसे.

फरक दुसरा: आवाज

हा माझा विषय. नीट लक्ष द्या, कारण आमचा घोळ इथेच झाला होता.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. समजा नट मोठ्याने, पण न किंचाळता बोलतोय आणि त्याच्यापासून एक मीटरवर ७८ डेसिबल आहेत. मग ढोबळमानाने हिशेब असा:

- २ मीटरवर ७२
- ४ मीटरवर ६६
- ८ मीटरवर ६०
- १६ मीटरवर ५४

आता शब्द स्पष्ट कळायला आवाज आसपासच्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर असायला हवा. शांत गावात गोंगाट ४० धरला तर १६ मीटरवरसुद्धा ऐकू येईल. पण जत्रेत पाळणे, पिपाण्या, जनरेटर मिळून गोंगाट ६० वर गेला, तर २-३ मीटरच्या पुढे शब्द गेलेच म्हणून समजा. म्हणजे दोष पोरीच्या आवाजात कमी आणि आम्ही निवडलेल्या जागेत जास्त होता.

ग्लोबमध्ये हे कसं जमत होतं? एक, स्टेज अंगणात पुढे आलेलं, त्यामुळे माणसं तीन बाजूंनी दाटलेली आणि लांबचा प्रेक्षकही फार लांब नाही. दोन, भोवती लाकूड आणि गिलाव्याच्या भिंती. आवाज त्यांवर आपटून लगेच परत येतो आणि मूळ आवाजाला जोर देतो. आमच्या मैदानात आवाज गेला तो गेला, थेट डोंगराकडे. तीन, नटांचा सराव. आठवड्यात जवळजवळ रोज वेगळं नाटक करणारी ही माणसं होती.

आणि एक गोष्ट खास मराठीची, जी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, काकांनी सांगितली. इंग्रजीत ‘नाही’ वाक्याच्या मधे येतं. मराठीत ते शेवटी येतं. क्रियापदही शेवटी. आणि माणसाचा श्वास संपतोही वाक्याच्या शेवटीच. म्हणजे वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात दुबळ्या आवाजात बाहेर पडतो. “मी हे केलं नाही” मधला ‘नाही’ खाल्ला गेला की अर्थ उलटाच होतो. जुने नट वाक्याच्या शेवटी आवाज पडू न देता उचलायचे. आपल्याला ते आज नाटकी वाटतं, पण ती तेव्हाची साउंड सिस्टीम होती!

माइक आला आणि ही गरज संपली. नट हळू, घरातल्यासारखं बोलू शकतो. हा मोठाच फायदा आहे. पण त्याची किंमतही आहे. कॉलर माइक लावला की सगळ्यांचा आवाज एकाच खोक्यातून येतो. डावीकडचा नट बोलला काय आणि उजवीकडचा बोलला काय, आवाज आपला कडेच्या स्पीकरमधून. लांबच्या माणसाला कोण बोलतंय ते शोधावं लागतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आपला मेंदू जो आवाज आधी पोचतो त्याच्या दिशेला आवाजाचा उगम मानतो. त्याच्या मागोमाग, साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला तोच आवाज त्यात मिसळून जातो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नट स्पीकरच्या ओळीपासून ५ मीटर मागे असेल, तर त्याचा आवाज त्या ओळीपर्यंत यायला १५ मिलिसेकंद लागतात. डिजिटल मिक्सरवर स्पीकरला २० ते २५ मिलिसेकंद डिले द्या. निदान पुढच्या आणि मधल्या लोकांना आवाज नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो.

फरक तिसरा: नक्कल, पडदा आणि बायकांची कामं

तेव्हा नटाला अख्खं नाटक मिळत नसे. हाताने लिहायचं म्हणजे वेळ आणि पैसा, शिवाय नाटक चोरीला जायची भीती. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच मिळायचं. समोरचा किती बोलणार हे माहीत नाही, म्हणून कान टवकारून ऐकायलाच लागायचं. आपल्याकडेही नटाला त्याच्या कामापुरता उतारा मिळायचा, त्याला ‘नक्कल’ म्हणत. काकांच्या ट्रंकेत अशा पिवळ्या पडलेल्या नकला अजून आहेत. आज आम्ही व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पूर्ण पीडीएफ पाठवतो. गोष्ट सगळ्यांना कळते, पण समोरच्याचं ऐकायची सवय मोडते, हेही खरं.

पडद्याच्या बाबतीत मराठी नाटक वेगळ्या वाटेनं गेलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणलं. त्यानंतरच्या संगीत नाटकांत जंगल, रस्ता, राजवाडा असे रंगवलेले पडदे असायचे आणि खेळ रात्र रात्र चालायचे. त्याच काळात शेक्सपिअर मराठीत येत होता. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ते काम गाजवलं, माइकशिवाय! पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चं ‘राजमुकुट’ केलं. २०१८ साली नाना जोगांच्या भाषांतरावरून चंद्रकांत कुलकर्णींनी ‘हॅम्लेट’ बसवलं, सुमीत राघवन हॅम्लेट. नाटक एकच, पण गणपतरावांच्या प्रेक्षकाला मिळालेला अनुभव आणि २०१८ च्या प्रेक्षकाला मिळालेला अनुभव ही दोन वेगळी जगं आहेत.

आणि बायकांची कामं. इंग्लंडमध्ये धंदेवाईक रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६० नंतर. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका शिखरावर नेली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली, तो मोठा टप्पा. म्हणजे ‘अगदी मूळसारखं करू’ असा हट्ट कोणी धरला तर पहिला बळी कोणाचा? आमच्या बारावीतल्या पोरीचा. आमच्या मीटिंगमध्ये एकाने हे सुचवलंही. बिनमाइकचं करायचं तर तिच्या जागी मोठ्या आवाजाचा पोरगा घेऊ, जुनी पद्धतही होईल. गंमत म्हणजे सगळ्यात आधी काकाच तडकले. “मी साडी नेसलो कारण तेव्हा कोणी बाप पोरीला पाठवत नव्हता. ती काय कला म्हणून नव्हती, अडचण होती. आता पोरगी आलीये तर तिला आवाज शिकवा.”

मग हुबेहूब तसं नाटक करता येतं का?

लंडनमध्ये हा प्रयोग झाला आहे. जुनं ग्लोब २९ जून १६१३ ला जळालं. ‘आठवा हेन्री’ चालू असताना सोडलेल्या तोफेची ठिणगी गवती छपरात गेली. (आपल्यालाही ही जखम ताजी आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत सापडलं.) ग्लोब दुसऱ्या वर्षी पुन्हा बांधलं गेलं, १६४२ साली इंग्लंडमध्ये नाटकांवरच बंदी आली आणि काही वर्षांत ती इमारत पाडली गेली.

सॅम वॉनमेकर या अमेरिकन नटाने अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि १९९७ साली जुन्या जागेजवळच नवं ग्लोब सुरू झालं. ओकचं लाकूड, लाकडी खुंट्या, वर गवती छप्पर. तरीही हुबेहूब जमलं का? छपरावर आगीसाठी पाण्याचे स्प्रिंकलर आहेत. ३,००० ऐवजी १,५०० च्या आसपासच माणसं घेतात, कारण सुरक्षेचे नियम. डोक्यावरून विमानं जातात. संध्याकाळच्या खेळाला मोठे दिवे लावतात, पण असे की स्टेज आणि प्रेक्षक दोन्ही सारखेच उजळतील. आणि बायकांची कामं बहुतेक वेळा बायकाच करतात.

तिथेही भांडण झालंच. एमा राइस या दिग्दर्शिकेने २०१६ साली आधुनिक लाइट आणि साउंड आणला. प्रेक्षक आले, पण संस्थेने ठरवलं की पुन्हा मूळच्या सामाईक उजेडाकडे जायचं, आणि तिला पद सोडावं लागलं. म्हणजे आमच्या मीटिंगमधलं भांडण थेट लंडनच्या दर्जाचं होतं म्हणायचं!

इमारत परत बांधता येते, प्रेक्षक परत बांधता येत नाही. १५९९ च्या माणसाने सिनेमा पाहिलेला नव्हता, त्याच्या खिशात मोबाइल नव्हता. म्हणून विचारायचा प्रश्न ‘मूळसारखं की आधुनिक’ हा नाही. तेव्हाच्या पद्धतीने जे काम व्हायचं, ते आज कशाने होईल, हा आहे.

आम्ही काय करून पाहिलं

बोलण्यापेक्षा करून बघावं म्हणून एका रविवारी दुपारी देवळासमोर शेवटचे दोन प्रवेश बिनमाइकचे केले. पाठीमागे देवळाची भिंत, तीन बाजूंनी माणसं, जनरेटर नाही. शब्द कळला नाही की हात वर करा, असं लोकांना सांगितलं.

पहिल्या पाच-सहा रांगांत एकही हात वर नाही. त्यामागे हात वर यायला लागले. सगळ्यात मागे, रस्त्यालगत बसलेल्यांना निम्मंही कळलं नाही आणि टेम्पो गेला की काहीच नाही. म्हणजे काकांचं बरोबर होतं, पण दीडशे माणसांपुरतं. जत्रेला येतात त्याच्या कितीतरी पट.

एक मात्र झालं. काका कानाला मशीन लावतात. दर वर्षी स्पीकरच्या कडकडाटात त्यांना काही उमगत नाही. त्या दुपारी ते पुढच्या कडेला, नटांपासून चार पावलांवर बसले होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदा नाटक कळलं म्हणाले.

आणि पोरगी. काकांनी तिला महिनाभर एकच गोष्ट शिकवली होती. वाक्याच्या मधे श्वास घे आणि ‘नाही’साठी हवा शिल्लक ठेव. हातात पणती, डोक्यावर टळटळीत ऊन, आणि ती म्हणाली, “मी हे केलं नाही.” ‘नाही’ शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कोणी हसलं नाही.

तुमचं मंडळ नाटक करत असेल तर

यंदा आम्ही ठरवलंय ते असं. तुम्हालाही उपयोगी पडेल:

- आधी जागा, मग सामान. पाठीमागे भिंत, पाळण्यांपासून लांब, प्रेक्षक तीन बाजूंनी. यात एक रुपयाही लागत नाही.
- जनरेटर लांब आणि आडोशाला. केबल लांब घ्यावी लागली तरी चालेल. गोंगाट कमी करणं हे आवाज वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.
- माइक हवेतच, पण मागच्यांसाठी. स्पीकरला डिले द्या, आवाज पुढच्यांच्या कानठळ्या बसवणारा नको.
- तालीम बिनमाइकची. माइक शेवटच्या दोन दिवसांत लावा. म्हणजे वीज गेली तरी नाटक थांबणार नाही.
- प्रेक्षकांवर थोडा उजेड ठेवा. नटाला चेहरे दिसू देत.
- एलईडी वॉल रद्द. रात्र संवादात आहे, ती परत भिंतीवर कशाला?
- कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुढची एक रांग राखून ठेवा.

खेळ संध्याकाळी पाचला सुरू करणार आहोत. शेवटच्या प्रवेशापर्यंत खरोखरच अंधारून येईल, आणि तेव्हा पोरीच्या हातातली पणती खूण म्हणूनही चालेल आणि दिवा म्हणूनही. जनरेटर एकच घेतलाय. तो बसला तर बसू दे.